जॅक न लावलेला बॉक्स

आमच्याकडं म्हातारी माणसं भुताच्या गोष्टी फार चवीनं सांगतात. जिवंत माणसांच्या सांगायला बसली तर त्यात त्यांची स्वतःचीच नावं निघतील, म्हणून असेल. आनंदमामांनी सांगितलेली ही गोष्ट मात्र मला अजून सोडत नाही. मी ती त्यांच्यापेक्षा सरळ सांगतो. दर दोन वाक्यांनी थांबून तंबाखू मळायची मला सवय नाही.

आनंदमामा म्हणजे आनंदराव. शिरूरच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. लोडशेडिंगच्या दिवसांत रात्री लाइट गेली की आम्ही त्यांच्या ओट्यावर जमायचो. घरात उकडून मरण्यापेक्षा ते बरं. त्या रात्री मी होतो, रुद्र होता, आणि समोरच्या घरातली हर्षदा होती. रुद्रनं नेहमीप्रमाणं काडी टाकली.

"मामा, एखादं भूत काढा. पण वडाचं नको. रस्ता रुंद करताना सगळे वड पाडले, भुतं बेघर झाली."

मामा हसले नाहीत. "वडाचं न्हाई. स्पीकरच्या बॉक्सातलं हाय."

"डीजेचं भूत!"

"गप ऐक. आपल्या मागच्या गल्लीतल्या नवनाथचं हाय. नाव घिऊन सांगतोय, म्हंजी खोटं न्हाई."

नवनाथला आम्ही सगळेच ओळखत होतो. रस्त्यानं जाताना कधी कुणाकडं बघायचा नाही, एवढंच. 

नवनाथ बेस गिटार वाजवायचा. भीमगीतांची एक पार्टी होती, ज्ञानदेव बुवांची, तिच्यात. दिवसा रांजणगावला एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालवायचा. सहा-सात वर्षं तो थरथरणारा लोखंडी गोळा हातात धरून त्याचा डावा हात गेला. कापला वगैरे नाही. बोटं पाचच्या पाच जागेवर होती, पण त्यांना काही कळेनासं झालं. चहाचा ग्लास धरला की चटका बसायचा नाही. कातडी लाल झाली की त्याची बायको रश्मी ओरडायची, तेव्हा कळायचं. आणि बेस वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे तारा दाबायचा हात. कुठली तार दाबली, नीट दाबली का, हे नवनाथ डोळ्यांनी बघून वाजवायचा. स्टेजवर अंधार झाला की संपलं.

त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. बुवांना तर नाहीच. ज्ञानदेव बुवा साठीचे होते, समतेची गाणी डोळ्यांत पाणी आणून गायचे, आणि पार्टीत मात्र त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेलं त्यांना चालायचं नाही. त्यांनी कीबोर्डवाल्या रविराजला सांगून ठेवलं होतं, "नवनाथ हल्ली चुकतोय. बेस तू डाव्या हातानं कीबोर्डवरच काढ की. जयंतीच्या प्रोग्रॅमला एकदा बघतो, न्हाईतर त्याला घरीच बसू दे."

रविराजनं ते नवनाथला तसंच्या तसं सांगितलं. दोघं शाळेपासूनचे. रविराज केंदूरचा, आजोबापर्यंत मेंढरं राखलेलं घर, आता शेती. शिरूरला मार्केट यार्डाच्या मागं कांद्याची एक रिकामी वखार त्यानं भाड्यानं घेतली होती आणि तिची प्रॅक्टिसची खोली केली होती. भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले. ऑर्केस्ट्रावाले, बँजोवाले, सगळे तिथं यायचे. सगळं सामान होतं, फक्त बेसचा धड बॉक्स नव्हता.

"पाठीत वाजेल असा बॉक्स पायजे," नवनाथ म्हणाला. "मला हातातलं कळत न्हाई रव्या. पण सूर अंगात घुसला, तर कुठं हाय ते अंगाला कळंल. तसा बॉक्स मिळाला तर मी राहीन पार्टीत. न्हाईतर ग्राइंडर हायेच."

त्याच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं, हे मामा म्हणाले नाहीत, मी म्हणतो. दिवसभर ठिणग्या आणि रात्री चार तारा.

मार्चच्या सुरुवातीच्या एका रविवारी दोघं रविराजचा टेम्पो घेऊन दौंडला गेले. रेल्वे यार्डाच्या अंगाला सोपानरावांचं दुकान होतं. सोपानराव जातीनं आणि हातानं सुतार, पण बोर्डावर 'साउंड' लिहिलेलं. आसपासच्या तीन तालुक्यांतल्या पार्ट्यांचे बॉक्स तेच बनवायचे.

"किती वॅटचा, किती इंची, ते मला इचारू नका," ते म्हणाले. "बेसचा बॉक्स कानानं घेत न्हाईत, पाठीनं घेत्यात. डोळं मिटायचं, पाठ टेकायची, आन् वाजवायचं."

पहिला बॉक्स अठरा इंची एका स्पीकरचा. नवनाथनं पाठ टेकली, वाजवलं. धक्का दणदणीत होता. पण सूर कुठला ते कळेना. भिंतीपलीकडं कुणीतरी एकामागून एक गोण्या टाकतंय असं वाटत होतं. दुसरा, दहा इंची चार स्पीकरांचा. तो स्वच्छ बोलायचा. प्रत्येक सूर वेगळा, पण नुसता पाठीला टोचायचा, आत जायचा नाही.

"हा बरा हाय की," रविराज म्हणाला.

"कानाला बरा हाय," नवनाथ म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

तेव्हा सोपानरावांनी कोपऱ्यातलं एक पोतं पायानं बाजूला सारलं. खाली तिसरा बॉक्स होता. पंधरा इंची एकच स्पीकर, चारी बाजूंनी बंद, काळं रेक्झीन. सोपानरावांनी तो गुडघ्यानं ढकलत पुढं आणला.

"हा बघा. आत भरण चांगलं हाय. भरण न्हाई घातलं तर बॉक्स रिकाम्या पिंपावानी घुमतो. लोक काचेची लोकर भरत्यात, मी अस्सल लोकर भरतो. घिऊन जा. आजच न्या."

नवनाथ खाली बसला. गिटार गळ्यातच होती. डावा तळवा त्यानं बॉक्सच्या अंगाला लावला, उजव्या अंगठ्यानं सगळ्यात जाड तार छेडली.

आणि तो तसाच राहिला.

त्याला रेक्झीनची खरखर कळत होती. कडेची शिवण. शिवणीतली एक पिन थोडी वर आलेली, ती टोचत होती. किती दिवसांनी त्या हाताला काहीतरी टोचत होतं. आणि त्याखालून तो सूर. मोठा नाही. खोल. तळव्यातून मनगटात, मनगटातून वर कोपरापर्यंत.

"हाच," तो म्हणाला.

"अरे, वाजव तर आधी," रविराज म्हणाला.

"वाजवला की आत्ता. काय बोलतोय बघ."

रविराज ॲम्प्लिफायरपाशी उभा होता. त्यानं हात वर केला. हातात वायर लोंबत होती.

"नवन्या, जॅक माझ्या हातात हाय. मी अजून लावलाच न्हाई."

 बाहेरून एक मालगाडी चालली होती. लांबलचक, एकेक डबा.

"फरशीतनं येतं ते," सोपानराव म्हणाले. "रेल्वे जवळ हाय ना." पण बोलताना ते बॉक्सकडं बघत नव्हते. टेम्पोत चढवायची वेळ आली तेव्हा कंबर धरल्याचं सांगून दारात उभे राहिले. दोघांनीच उचलला.

"त्यांना माहीत होतं," हर्षदा अंधारातून म्हणाली.

"आता कुणाला काय म्हाईत असतं, आपुन कसं सांगावं पोरी," मामा म्हणाले, आणि तंबाखूची डबी उघडली. म्हाताऱ्यांना दुसऱ्या म्हाताऱ्याची अडचण झाली की डबी उघडते.

पुढचे तीन आठवडे पार्टीला नवनाथचं नवल वाटत होतं. बॉक्सला पाठ लावून बसायचा आणि डोळे मिटून वाजवायचा. एक सूर चुकत नव्हता. दोन गाण्यांच्या मध्ये बाकीचे बिडी प्यायला बाहेर जायचे, हा डावा हात बॉक्सवर ठेवून बसून राहायचा. बुवा म्हणाले, "मी दम दिला तवा सुधारला." सगळ्या पार्टीसमोर म्हणाले.

पण वखारीच्या बाहेर आलं की हात परत मेलेला. नुसता मेलेला नाही, आधीपेक्षा जास्त. आधी बोटांपुरतं होतं, मग मनगटापर्यंत आलं. मग एक दिवस उजव्या हातालाही ग्राइंडर कळेना. जेवताना भाकरी गरम आहे की गार, जिभेला कळेना. रश्मीनं विचारलं, "काय झालंय तुम्हाला?" तर म्हणाला, "काही नाही." खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही होत नव्हतं. मुलगी पायऱ्यांवरून पडली, गुडघा फुटला, रडायला लागली. हा उभा राहून बघत होता. वाईट वाटायला हवं, एवढं आठवत होतं, पण वाटत नव्हतं.

वखारीत आला, तळवा ठेवला, की सगळं परत यायचं. मग तो लवकर यायला लागला. आणि उशिरा जायला.

"मी त्याला एकदा इचारलं हुतं," मामा म्हणाले. "म्हनलं, नवनाथ, बॉक्सात काय तरी हाय का रं? तर हसला. म्हनला, मामा, आम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. आमच्यात भूत नसतं."

मग तो शनिवार आला. २९ मार्च २००३. पाडवा चार दिवसांवर, अमावस्या त्याच्या अलीकडं. प्रॅक्टिस चालू असतानाच लाइट गेली. बुवा चिडले, जयंती तोंडावर आलीय म्हणून सगळ्यांवर ओरडले, जशी काही लाइट पार्टीनं घालवली होती, आणि रिक्षा करून निघून गेले. बाकीचे पांगले. रविराजला केंदूरला घरी जायचं होतं.

"चल, कुलूप लावतो."

"तू जा. मी लावतो."

"अंधारात काय करतोस?"

"बसतो जरा."

रविराज गेला. टेम्पोचा आवाज मार्केट यार्डाला वळसा घालून नगर रोडला लागला. मग तोही गेला.

नवनाथनं काडी पेटवली नाही. त्याला उजेडाची गरज नव्हती. भिंतीला बॉक्स, बॉक्सला पाठ. गिटार बाजूला ठेवलेली. ॲम्प्लिफायर बंद. वायर गुंडाळून खिळ्याला.

त्यानं डावा हात मागं नेला. तळवा ठेवला.

आधी नुसतं ऊबदार वाटलं. मग एक ठोका. त्याला वाटलं, रस्त्यावरून ट्रक गेला असेल. परत एक ठोका. ट्रक नव्हता. रस्ता शांत होता.

मग तळव्याखाली काहीतरी हललं.

मध्ये प्लायवूड होतं. त्याच्यावर रेक्झीन होतं. तरीही कळलं. पलीकडून एक हात सावकाश उघडत होता. आधी अंगठा. मग एकेक बोट. त्याच्या बोटांखाली बोटं येऊन थांबली. बाईचा हात. म्हातारा. सुरकुतलेला. अंगठ्याच्या कडेला जाड घट्टा.

नवनाथ घाबरला का? रुद्रनं विचारलं तसं. मामा म्हणाले, तोच मला म्हणाला, घाबरलो असतो तर बरं झालं असतं.

त्या हातानं पकडलं नव्हतं. नुसता ठेवला होता. नवनाथ कधीही हात काढू शकला असता. कुलूप लावून घरी जाऊ शकला असता.

पण काढला की परत काही कळणार नव्हतं. बोटं नाही. भाकरी नाही. पोरगी नाही.

तो वळला. उजवा हातही ठेवला. मग गाल.

किती वेळ गेला...

"गेणू..."

कानात नाही. हातात. आवाज तळव्यात आला.

तो गप्प राहिला.

"गेणू... आला का रं?"

...

आतला हात हलला. निघाल्यासारखा. एकेक बोट मागं जायला लागलं. करंगळी गेली. तिच्याबरोबर त्याच्या करंगळीतलंही गेलं. मग शेजारचं बोट... बधिर. मग मधलं...

जयंतीला सोळा दिवस राहिले होते. बुवांचा चेहरा दिसला त्याला. मग ग्राइंडर. उरलेलं सगळं आयुष्य, ग्राइंडर.

"व्हय," नवनाथ म्हणाला. "आलो."

...

बोटं परत आली. सगळी.

आणि मग पकडलं.

मामा थांबले. यावेळी डबी काढली नाही. गल्लीत कुठंतरी कुणाचा तरी जनरेटर बंद पडला, तेव्हा लक्षात आलं की तो इतका वेळ चालू होता.

रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं येऊन रश्मी केंदूरला रविराजच्या दारात उभी. रात्री घरीच आले नाहीत म्हणाली. रविराज तिला टेम्पोत बसवून तडक शिरूरला वखारीकडं. दार नुसतं लोटलेलं होतं. नवनाथ बॉक्सला मिठी मारून बसला होता, गाल रेक्झीनला चिकटलेला, डोळे उघडे.

"नवन्या!"

नवनाथनं त्याच्याकडं बघितलं. ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ताच झोपलीय."

रविराजनं त्याला काखेत हात घालून मागं ओढलं. उजवा हात सुटला. डावा सुटेना. चिकटलेला नव्हता, काही दिसत नव्हतं, पण सुटेना. रश्मीनं येऊन त्याच्या मनगटाला धरलं, हाक मारली, रडली. मग सुटला. तळव्याला ओरखडासुद्धा नव्हता.

त्याला घरी पाठवून रविराजनं स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बॉक्सची मागची फळी खोलली. एकेक स्क्रू काढला. फळी निघाली. आत घोंगडी होती. काळी, जाड, पांढऱ्या काठाची. चार तुकडे करून चारी भिंतींना खिळ्यांनी ठोकलेली. एका तुकड्याचा कोपरा फाडलेला होता. कापलेला नाही, हातानं फाडलेला.

रविराज बाहेर येऊन कट्ट्यावर बसला.

त्याच्या घरात, म्हणजे मेंढरं राखलेल्या त्या सगळ्याच घरांत, माणूस गेल्यावर त्याच्या अंगाखालची घोंगडी ठेवत नव्हते. ती त्याच्याबरोबर मातीत जायची. आणि त्याआधी तिचा एक कोपरा फाडायचे, गडबडीत चुकून कुणी अंगावर घेऊ नये म्हणून. ही कुणीतरी मातीतून वाचवली होती. कोपरा फाडेपर्यंत सगळं रीतीनं केलं होतं, आणि मग वाचवली होती.

तो तसाच दौंडला गेला. सोपानराव रंधा मारत होते.

"घोंगडी कुठनं आणली?"

"भांडगावच्या गेणबाकडनं. जुन्या घोंगड्या घेत फिरत असतो मी गावोगाव. त्यानंच बोलवून दिली. म्हनला, चांगली जाड हाय, मातीत कशाला घालायची."

"फाटका कोपरा दिसला न्हाई तुम्हाला?"

"मला काय तुमच्यातल्या रीती म्हाईत?"

"मग बॉक्सला हात का लावत नव्हता? गुडघ्यानं का ढकलत होता?"

सोपानरावांनी रंधा परत चालू केला.

"गेणबा म्हणजे कोण?" हर्षदानं विचारलं.

"भांडगावातला मोठा माणूस," मामा म्हणाले. "सप्त्यात वीणा त्याच्या गळ्यात असतो."

आणि घोंगडी त्याच्या मेलेल्या आईची, अनसाबाईची. हे रविराजला भांडगावात गेणबाच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. सांगताना त्यांना काही वाटत नव्हतं, रोजचंच असल्यासारखं सांगत होते. अनसाबाईची डावी बाजू वाऱ्यानं गेलेली. उजवा हात तेवढा चालू. गोठ्याच्या अंगाला एक खोली होती, तिच्यात वर्षभर पडून होती. रात्री घाबरायची. म्हणायची, अर्धं अंग कुठं गेलं ते कळत नाही, अंधारात सगळंच गेल्यासारखं वाटतं. मग हाक मारायची. गेणू, आला का रं? हात धर रं जरा.

गेणबा पुढच्या खोलीत टीव्ही बघत असायचा. तिथूनच ओरडायचा, "व्हय, आलो."

आणि यायचा नाही.

रोज. वर्षभर. शेजारच्या चार घरांना ऐकू जायचं, आणि त्या चारही घरांत मोठी, जाणती माणसं होती. हेच सगळे तिच्या तेराव्याला पंगतीत बसले.

"काय बोलायचं, घरचा मामला असतो," मामा पुटपुटले.

"का नाही बोलायचं?" हर्षदा म्हणाली. मामांनी डबी उघडली. त्यांच्या पिढीकडं याचं उत्तर नाही, आणि आम्हीही ते पुन्हा कधी विचारलं नाही.

रविराजनं खिळे उपटून चारही तुकडे काढले, भांडगावला नेले आणि अनसाबाईला जिथं माती दिली होती तिथं स्वतः खड्डा करून पुरले. गेणबाला निरोप दिला होता. तो आला नाही. कुणाच्या तरी हातून नारळ पाठवला. रिकाम्या बॉक्समध्ये रविराजनं काचेची लोकर भरली. तो ठीक वाजायला लागला, बाजारातल्या कुठल्याही बॉक्ससारखा.

"आणि जयंती?" रुद्रनं विचारलं. एवढ्या वेळात त्यानं एकही विनोद केला नव्हता.

जयंतीला नवनाथ वाजवायला उभा राहिला. रविराजला वाटत होतं, आता बॉक्समध्ये घोंगडी नाही म्हणजे संपलं. दोन गाणी झाल्यावर बुवांनी भाषण सुरू केलं आणि ते लांबलं. मग तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीलाच मंडपातले दिवे गेले. जनरेटर चालू होईपर्यंत स्टेजवर मिट्ट काळोख. नवनाथ वाजवत राहिला. एकही सूर घसरला नाही. डावा हात जिवंत होता. तारांचा पीळ, गंज, घाम, सगळं त्याला कळत होतं. बुवांनी माइकवरून त्याचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याला टाळ्यांचं काही वाटलं नाही.

तेव्हापासून तसंच आहे. पार्टीतून त्याला कुणी काढलं नाही, काढणारही नाही. डावा हात मनगटापासून पुढं एकदम चांगला. बाकी काही नाही. रश्मी खांद्याला हात लावते, त्याला कळत नाही. मुलीला मांडीवर घेतो, तर ती तिथं आहे की नाही हे खाली बघून ठरवतो. विचारलं तर सांगतो, "बरं चाललंय." रश्मी माहेरी गेली, परत आली. त्याला दोन्ही सारखंच वाटलं असणार.

"म्हंजी घोंगडी पुरली तरी..." रुद्र म्हणाला आणि थांबला.

"घोंगडी पुरली," मामा म्हणाले. "पण आलो म्हणाला हुता ना त्यो."

 मला विचारायचं होतं, मामा, हे सगळं तुम्हाला खरं वाटतं का. पण त्यांनी आधीच बोलायला सुरुवात केली, आणि आवाज एकदम खाली गेला होता.

"मी रिटायर व्हायच्या आधीची गोष्ट. डेपोत नवनाथ न्हावरा गावच्या गाडीची वाट बघत हुता. माझ्याशेजारी बाकड्यावर बसला. डावा हात मांडीवर. मनगटात काळ्या लोकरीचा दोरा. म्हनलं, हे काय रं, तुमच्यात दोरं बांधत न्हाईत ना? तर म्हनला, भूतबित काय न्हाई मामा. जयंतीच्या सकाळी उठलो तवा हुता. कुणी बांधला म्हाईत न्हाई. मग मीच बघितला हात लावून. गाठ न्हाई त्याला. कुठंच न्हाई. आन् लोकर जुनी न्हाई. आत्ता कातल्यावानी. तेलकट. मेंढराचा वास येतोय..."

मामांनी आपलं मनगट पुढं केलं. अंधारात आम्हाला नीट दिसतही नव्हतं.

"दोरा सैल हुता. सैल दोरा कसा खाली पडतो? कातड्यावर पडतो. ह्यो पडत नव्हता. एका बाजूनं वर उचललेला. असा. आत एक बोट मावंल एवढी जागा.

"गाडी लागली. नवनाथ उठला. चालायला लागला. तरी दोरा तसाच. एका बाजूला ताणलेला...

"त्या बाजूला कुणी नव्हतं."